कोऱ्या डिस्कपासून लॉगिनपर्यंत: नेटवर्कवरून ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना

संगणकाची डिस्क कोरी आहे, त्याला पेन ड्राइव्ह लावलेला नाही, फक्त नेटवर्कची केबल जोडलेली आहे. बटण दाबलं की थोड्या वेळात पडद्यावर इन्स्टॉलरचा पहिला प्रश्न येतो: भाषा कोणती? हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, यामागे मोठा सर्व्हर आणि कुणीतरी जाणकार माणूस असणार. खरं तर एक जुना लॅपटॉप, एक साधा स्विच, दोन केबल आणि एक निवांत दुपार एवढ्यावर हे जमतं.

ज्यांनी पेन ड्राइव्हवरून लिनक्स एकदा तरी बसवलं आहे, पण नेटवर्कवरून कधीच नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण डेबियनचं घेतलं आहे, कारण नेटवर्कवरून बूट करायला लागणाऱ्या सगळ्या फाईली डेबियन एकाच गाठोड्यात देतं. एक सवय मात्र सुरुवातीपासून लावून घ्या. हे काम म्हणजे साखळी आहे, आणि साखळीचा एक दुवा पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. नवशिक्यांचे तासन्‌तास जातात ते पाच गोष्टी एकदम बदलल्यामुळे.

आत नेमकं काय घडतं

संगणकाच्या फर्मवेअरमध्ये (यंत्रातच बसवलेलं, डिस्कच्या आधी चालणारं सॉफ्टवेअर) किंवा नेटवर्क कार्डावरच्या चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम असतो. त्याचं नाव पीएक्सई, लोक त्याला 'पिक्सी' म्हणतात. इंटेलने त्याची २.१ आवृत्ती १९९९ मध्ये ठरवून दिली आणि आजही बहुतेक यंत्रं त्याच पद्धतीने बोलतात.

हा प्रोग्रॅम जागा झाला की आधी नेटवर्कवर हाक मारतो: मी अमुक कार्ड, मला पत्ता हवा आणि बूट करायला फाईल हवी. ही हाक डीएचसीपीची, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या पद्धतीची असते. सर्व्हर यूडीपीच्या ६७ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो, मागणारा ६८ वर. उत्तरात तीन गोष्टी येतात: तुझा आयपी पत्ता हा, फाईल या सर्व्हरकडे आहे, फाईलचं नाव हे. मग संगणक ती फाईल टीएफटीपीने, म्हणजे फाईल पाठवण्याच्या एका अगदी साध्या प्रोटोकॉलने मागवतो. ही फाईल म्हणजे बूट लोडर, पुढची सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम. लोडर चालू झाला की तो आणखी दोन फाईली आणतो, लिनक्सचा कर्नल आणि इनिटआरडी. इनिटआरडी म्हणजे कर्नलसोबत मेमरीत उलगडणारी छोटी फाईल सिस्टिम, आणि इन्स्टॉलर तिच्यातच असतो. इथून पुढे टीएफटीपीचं काम संपतं. बाकीची पॅकेजेस इन्स्टॉलर एचटीटीपीने आणतो.

म्हणजे दुवे चार: पत्ता, लोडर, कर्नल, पॅकेजेस. काही बिघडलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, आपण यातल्या कितव्या दुव्यावर अडकलो?

टीएफटीपीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण पुढच्या बऱ्याच अडचणींचं मूळ तिथे आहे. हा प्रोटोकॉल १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचा. तो मुद्दाम इतका साधा ठेवला की त्याचा प्रोग्रॅम छोट्याशा चिपमध्ये मावावा. त्यात पासवर्ड नाही, फोल्डरमधल्या फाईलींची यादी मागायची सोय नाही. फाईल ५१२ बाइटच्या तुकड्यांत जाते, आणि एक तुकडा पोचल्याची पावती आल्याशिवाय दुसरा निघत नाही. ४० एमबीची फाईल अशी पाठवायची तर ८१,९२० तुकडे आणि तेवढ्याच पावत्या. त्यात तुकड्याचा क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे मोजणी ६५,५३५ ला संपते आणि पुन्हा सुरुवातीपासून मोजावं लागतं. जुन्या काही फर्मवेअरना ते जमायचं नाही आणि फाईल ३२ एमबीच्या आसपास अडकायची. १९९८ मध्ये तुकड्याचा आकार आपसात ठरवून वाढवण्याची सोय प्रमाणित झाली, तेव्हापासून वेग सुधारला. तरी टीएफटीपीवर लहान फाईलीच सोपवाव्यात. म्हणूनच लोडर आणि कर्नल त्याच्याकडे, आणि शेकडो एमबीची पॅकेजेस एचटीटीपीकडे, अशी विभागणी असते.

सामान

सर्व्हर म्हणून कोणताही संगणक चालेल, फक्त त्याला नेटवर्कच्या दोन वाटा हव्यात. एक इंटरनेटकडे जाणारी, ती वायफाय असली तरी हरकत नाही. दुसरी केबलची, जी स्विचकडे जाईल. त्यावर डेबियन आधीच बसवलेलं आहे असं धरते. एक साधा स्विच. आणि ज्यावर सिस्टिम बसवायची तो संगणक, केबलच्या नेटवर्क कार्डासह. पीएक्सई वायफायवर चालेल या आशेवर राहू नका. काही पातळ लॅपटॉपना केबलची जागाच नसते. त्यांना यूएसबीचा नेटवर्क अ‍ॅडॉप्टर लावता येतो, पण फर्मवेअर त्याला ओळखेलच असं नाही. पहिल्या प्रयोगासाठी असा लॅपटॉप घेऊ नका.

आणि एक साधी गोष्ट: ज्या संगणकावर सिस्टिम बसवणार त्यातला हवा तो डेटा आजच दुसरीकडे काढून ठेवा.

स्विच वेगळा का

हा भाग घाईत वाचू नका.

नेटवर्कवर हाक मारणाऱ्या संगणकाला उत्तर कोणी द्यायचं हे ठरलेलं नसतं. जो आधी उत्तर देईल त्याचं तो घेण्याची शक्यता जास्त. तुमच्या घरच्या किंवा कचेरीच्या नेटवर्कवर राउटर आधीच डीएचसीपीचं काम करतो. तिथेच तुम्ही तुमचा दुसरा डीएचसीपी सर्व्हर जोडलात, तर त्या नेटवर्कवरच्या काही यंत्रांना राउटर पत्ता देईल, काहींना तुमचा लॅपटॉप देईल. ज्यांना तुमच्याकडून पत्ता मिळाला त्यांचं इंटरनेट बंद. कुणाला काही कळत नाही, कारण सगळं एकदम बंद पडत नाही, एकेक यंत्र आपापला पत्ता नव्याने मागतं तसतसं बंद पडतं.

मी शिकत असताना एका संगणक प्रयोगशाळेत हेच माझ्या हातून घडलं. माझा प्रयोग नीट चालला म्हणून मी आनंदात होते, आणि मागच्या रांगेतल्या मुलांचं काम एकामागून एक अडत होतं. कारण सापडायला अर्धा दिवस गेला. त्या मुलांचा तो अर्धा दिवस माझ्यामुळे गेला, आणि त्यानंतर मी चालत्या नेटवर्कला प्रयोगाची केबल कधी लावली नाही.

म्हणून स्विच वेगळा. त्या स्विचला फक्त दोन केबल: एक सर्व्हरची, एक नव्या संगणकाची. राउटरची केबल त्यात जाता कामा नये. ज्यांना चालत्या नेटवर्कवरच हे करायचं असेल त्यांच्यासाठी 'प्रॉक्सी डीएचसीपी' नावाची पद्धत आहे. तिच्यात पत्ते राउटरच देतो आणि तुमचा सर्व्हर फक्त फाईलचं नाव सांगतो. पद्धत चांगली आहे, पण ती दुसऱ्या फेरीसाठी ठेवा, आणि नेटवर्क सांभाळणाऱ्याला विचारूनच करा.

सर्व्हरची तयारी

सर्व्हरच्या केबलच्या कार्डाला कायमचा पत्ता द्या: १९२.१६८.५०.१, नेटमास्क २५५.२५५.२५५.०. गेटवेची जागा रिकामी सोडा. तिथे काही भरलंत तर सर्व्हर इंटरनेटचा रस्ता या कार्डावर शोधू लागेल आणि वायफाय चालू असूनही पानं उघडणार नाहीत. तुमच्या घरचं नेटवर्क नेमकं १९२.१६८.५० याच मालिकेतलं असेल तर इथे दुसरा आकडा घ्या, दोन्हीकडे एकच मालिका नको.

आता दोन पॅकेजेस बसवा: डीएनएसमास्क आणि अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी. पहिला प्रोग्रॅम डीएचसीपी आणि टीएफटीपी दोन्ही सांभाळतो, त्यामुळे वेगवेगळे सर्व्हर जुळवत बसावं लागत नाही. दुसऱ्याचं काम पुढे येईल.

मग डेबियनच्या अधिकृत ठिकाणाहून नेटबूटचं गाठोडं उतरवा. फाईलचं नाव नेटबूट.टार.जीझेड, एएमडी६४ या विभागातली. नावात एएमडी असलं तरी इंटेलच्या ६४ बिटी प्रोसेसरसाठीही हीच. सोबत दिलेल्या यादीतल्या शा२५६ बेरजेशी (फाईलच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) आपल्या फाईलची बेरीज ताडून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि अर्धवट उतरलेल्या फाईलमुळे होणारा गोंधळ त्याने टळतो.

मुळापासून एसआरव्ही आणि त्याच्या आत टीएफटीपी असं फोल्डर करा आणि गाठोडं तिथेच सोडवा. दुसरीकडे सोडवून मग पेन ड्राइव्हवरून आणू नका. या गाठोड्यात काही नावं म्हणजे नुसते दुवे असतात, ते मूळ फाईलकडे बोट दाखवतात. पेन ड्राइव्हवरच्या फॅट पद्धतीच्या फाईल सिस्टिमला असे दुवे समजत नाहीत, ते वाटेतच हरवतात. सगळ्या फाईली कुणालाही वाचता येतील अशा परवानग्या आहेत ना तेही बघा, कारण डीएनएसमास्क स्वतःच्या वेगळ्या खात्यातून फाईली वाचतो.

आता डीएनएसमास्कची कॉन्फिग फाईल. खालच्या ओळी मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाईप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहायच्या, आणि मधल्या आडव्या रेघा जशाच्या तशा ठेवायच्या.

इंटरफेस=ईएनपी३एस०
बाइंड-इंटरफेसेस
डीएचसीपी-रेंज=१९२.१६८.५०.१००,१९२.१६८.५०.१५०,१२एच
डीएचसीपी-मॅच=सेट:ईएफआय६४,ऑप्शन:क्लायंट-आर्च,७
डीएचसीपी-मॅच=सेट:ईएफआय६४,ऑप्शन:क्लायंट-आर्च,९
डीएचसीपी-बूट=टॅग:ईएफआय६४,डेबियन-इन्स्टॉलर/एएमडी६४/बूटनेटएक्स६४.ईएफआय
डीएचसीपी-बूट=पीएक्सईलिनक्स.०
एनेबल-टीएफटीपी
टीएफटीपी-रूट=/एसआरव्ही/टीएफटीपी
लॉग-डीएचसीपी

पहिल्या ओळीत तुमच्या केबलच्या कार्डाचं खरं नाव घाला. पहिल्या दोन ओळींमुळे डीएनएसमास्क त्या एका कार्डापुरता बांधला जातो आणि वायफायच्या बाजूला पत्ते वाटत नाही. त्या विसरू नका. डीएचसीपी-रेंज म्हणजे कोणत्या पत्त्यांपासून कोणत्या पत्त्यांपर्यंत वाटायचं आणि किती तासांसाठी.

मधल्या चार ओळींमागचं कारण समजून घ्या. फर्मवेअरच्या दोन पद्धती आहेत: जुने संगणक बायोसने बूट होतात, नवे यूईएफआयने, आणि दोघांना लागणारा लोडर वेगळा. हाक मारतानाच संगणक आपली जात एका आकड्याने कळवतो. बायोसवाला ० म्हणतो, ६४ बिटी यूईएफआयवाला सहसा ७, काही फर्मवेअर ९ म्हणतात. म्हणून ७ किंवा ९ आला तर बूटनेटएक्स६४ द्यायचा, नाहीतर पीएक्सईलिनक्स. नवशिक्यांची सर्वात जास्त होणारी चूक इथलीच: बायोसचा लोडर यूईएफआयच्या यंत्राला दिला जातो. फाईल पूर्ण उतरते, आणि पुढे काहीच होत नाही.

शेवटची ओळ नोंदींसाठी. ती ठेवा. या सगळ्या कामात मला सर्वात जास्त शिकवलं आहे ते त्या नोंदींनी.

डीएनएसमास्क पुन्हा सुरू करा. सर्व्हरवर फायरवॉल असेल तर केबलच्या कार्डावर यूडीपीचे ६७ आणि ६९, आणि टीसीपीचा ३१४२ मोकळे करा. टीएफटीपीचा फक्त पहिला निरोप ६९ वर येतो, प्रत्यक्ष फाईल दुसऱ्याच कुठल्यातरी पोर्टवरून जाते. त्यामुळे ६९ उघडूनही फाईल अडत असेल तर नेमक्या या कार्डापुरती फायरवॉल पूर्ण मोकळी करून बघा. वेगळा स्विच असल्यामुळे तसं करण्यात धोका नाही.

पहिली चाचणी दुसऱ्या चालत्या संगणकावर

नव्या संगणकाकडे वळण्याआधी एखादा चालता लॅपटॉप त्या स्विचला जोडा, त्याचं वायफाय बंद करा. त्याला १९२.१६८.५०.१०० ते १५० मधला पत्ता मिळाला? पहिला दुवा झाला. त्यावर टीएफटीपीचा छोटा क्लायंट बसवून पीएक्सईलिनक्स.० ही फाईल मागवा. आली? दुसऱ्या दुव्यातला सर्व्हरचा भाग झाला. लॅपटॉपवर सगळी साधनं हाताशी असतात. कोऱ्या संगणकाच्या काळ्या पडद्यावर एक ओळ दिसते आणि निघून जाते, त्यामुळे चूक इथे शोधणं कितीतरी सोपं जातं.

नव्या संगणकाच्या सेटिंग

संगणक चालू होताना फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जा. कळ कंपनीप्रमाणे बदलते, बहुतेक वेळा एफ२ किंवा डिलीट. तिथे 'नेटवर्क स्टॅक', 'पीएक्सई बूट' किंवा 'लॅनवरून बूट' अशा नावाचा पर्याय शोधून तो चालू करा. अनेक संगणकांत तो मुळात बंद असतो. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ असे दोन पर्याय दिसले तर आपल्याला आयपीव्ही४ हवा. तारीख आणि वेळही तिथेच तपासा. मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि मग डेबियनच्या पॅकेज यादीची सही 'अजून लागू नाही' म्हणून नाकारली जाते.

सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला लोडर चालू न देणारी सोय, बंद करायची घाई नको. डेबियनचा यूईएफआय लोडर सही केलेला असतो, त्यामुळे तो चालू ठेवूनही काम होतं. पुढे आयपीएक्सईसारखा दुसरा लोडर वापरलात तर तेव्हा याचा विचार करावा लागेल.

बूटच्या क्रमात नेटवर्क कायमचं पहिलं ठेवू नका. एका वेळेपुरता बूट मेनू असतो, बऱ्याच यंत्रांत एफ१२ ने उघडतो. तिथून नेटवर्क निवडा. क्रम कायमचा बदलला की सिस्टिम बसल्यानंतर संगणक पुन्हा नेटवर्ककडे जातो आणि इन्स्टॉलर पुन्हा सुरू होतो. हाताने बसवताना हा फक्त त्रास आहे. स्वयंचलित पद्धतीत तो किती घातक ठरतो ते पुढे सांगते.

बूट करताना नोंदी वाचा

सर्व्हरवर टर्मिनल उघडून डीएनएसमास्कच्या नोंदी सतत दिसत राहतील असं ठेवा, आणि मग नवा संगणक नेटवर्कवरून बूट करा. चार ओळी क्रमाने दिसतील: डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅक. म्हणजे संगणकाने हाक मारली, सर्व्हरने पत्ता देऊ केला, संगणकाने तो मागितला, सर्व्हरने हो म्हटलं. त्यानंतर 'सेंट' शब्द असलेली ओळ येते, फाईल पाठवल्याची.

बायोसच्या यंत्रावर यानंतर 'फाईल सापडली नाही' अशा बऱ्याच ओळी लागोपाठ येतात. घाबरू नका, त्या अपेक्षितच आहेत. पीएक्सईलिनक्स आपली कॉन्फिग फाईल एका ठरलेल्या क्रमाने शोधतो. आधी यंत्राच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाने, मग ०१ पुढे जोडून नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याने (कार्डाचा स्वतःचा क्रमांक), मग आयपी पत्ता सोळाच्या पायावर लिहून. १९२.१६८.५०.१०० चा असा आकडा सी०ए८३२६४. तो सापडला नाही की शेवटचं एक एक अक्षर गाळत जातो, आणि सर्वात शेवटी 'डिफॉल्ट' नावाची फाईल मागतो. गाठोड्यात तीच असते.

यूईएफआयच्या यंत्रावर आधी बूटनेटएक्स६४ जातो आणि तो ग्रबएक्स६४ म्हणजे ग्रब नावाचा पुढचा लोडर मागवतो. ग्रब नक्की कोणत्या फोल्डरमधून मागितला जातोय ते नोंदीत पूर्ण मार्गासह दिसतं. 'सापडली नाही' असं आलं तर अंदाज बांधू नका, नोंदीत जो मार्ग दिसतोय नेमकी त्या जागी ती फाईल ठेवा.

मेनू दिसला, 'इन्स्टॉल' निवडलं, कर्नल आणि इनिटआरडी आले, आणि भाषेचा प्रश्न पडद्यावर उभा राहिला की चारपैकी तीन दुवे झाले.

इन्स्टॉलरमध्ये

इथले बहुतेक प्रश्न पेन ड्राइव्हच्या इन्स्टॉलरसारखेच. वेगळा आहे तो एक: पॅकेजेस कुठून आणायची. नवा संगणक आपल्या वेगळ्या स्विचवर आहे, त्याला इंटरनेट नाही. इथे अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी कामाला येतो. मिरर (पॅकेजेसची प्रत ठेवणारा सर्व्हर) म्हणून डेबियनचा नेहमीचा निवडा, आणि इन्स्टॉलर एचटीटीपी प्रॉक्सी विचारेल तिथे सर्व्हरचा पत्ता द्या: आधी एचटीटीपीची खूण, मग १९२.१६८.५०.१, मग कोलन (:) आणि ३१४२. आता नवा संगणक सर्व्हरकडे पॅकेज मागतो, सर्व्हर ते आपल्या वायफायवरून आणून देतो आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवतो. पुढच्या संगणकाला तेच पॅकेज लागलं की ते सर्व्हरच्या डिस्कवरूनच मिळतं. दहा संगणक असले तरी इंटरनेटवरून पॅकेजेस एकदाच उतरतात. नेटवर्कवरून सिस्टिम बसवण्यातला मला सर्वात आवडणारा भाग हाच.

'नेटवर्क कार्डासाठी फर्मवेअर हवं' असा निरोप आला तर तो तिसऱ्या दुव्यातला प्रश्न आहे. नेटबूटच्या इनिटआरडीमध्ये मुक्त नसलेलं फर्मवेअर नसतं. डेबियन ते सीपीआयओ गाठोड्याच्या रूपात वेगळं देतं, ते मूळ इनिटआरडीच्या शेवटाला जोडून एक फाईल करायची आणि मूळ नावाने ठेवायची. केबलच्या बहुतेक कार्डांना त्याची गरज पडत नाही.

अडलं तर

पीएक्सई-ई६१ दिसला तर केबल. खरोखर केबलच, किंवा स्विचचं ते छिद्र. दुसरी लावून बघा.

पीएक्सई-ई५१ म्हणजे हाकेला कुणी उत्तर दिलं नाही. सर्व्हरच्या नोंदीत डिस्कव्हर दिसतो का? दिसत नसेल तर हाक पोचतच नाही: केबल, फायरवॉल किंवा कॉन्फिगमध्ये कार्डाचं नाव चुकलेलं. सेटिंग करता येणारा महागडा स्विच असेल तर आणखी एक कारण संभवतं. असे स्विच नेटवर्कमध्ये कुठे वर्तुळ तयार झालंय का ते तपासायला, केबल जिवंत झाल्यावर साधारण ३० सेकंद तिच्यावरून काही जाऊ देत नाहीत. पीएक्सई तेवढा वेळ थांबत नाही. त्या पोर्टवर 'पोर्टफास्ट' चालू करा किंवा साधा स्विच वापरा.

पीएक्सई-ई५३ म्हणजे पत्ता मिळाला पण फाईलचं नाव मिळालं नाही. बहुतेक वेळा याचा अर्थ उत्तर तुमच्या सर्व्हरने दिलंच नाही, राउटरने दिलं. राउटरची केबल त्या स्विचला लागली आहे का बघा.

पीएक्सई-ई३२ म्हणजे टीएफटीपीकडून वेळेत उत्तर आलं नाही. टीएफटीपी चालू नाही, किंवा फायरवॉल.

आणि काहीच निरोप न देता संगणक सरळ पुढच्या बूट पर्यायावर गेला, तर बायोस-यूईएफआयची अदलाबदल आधी तपासा.

एकाहून जास्त संगणक असतील तेव्हा

दोन-तीन संगणक हाताने बसवा, प्रश्न ओळखीचे होतात. वीस असतील तर उत्तरं एका फाईलमध्ये लिहून ठेवता येतात. डेबियनमध्ये तिला प्रीसीड म्हणतात, फेडोरा आणि रेड हॅटच्या घराण्यात किकस्टार्ट, उबुंटू सर्व्हरमध्ये २०.०४ पासून ऑटोइन्स्टॉल. प्रीसीड फाईल सर्व्हरवरच्या छोट्या वेब सर्व्हरवर ठेवायची आणि बूट मेनूतल्या कर्नलच्या ओळीत तिचा पत्ता लिहायचा. सोबत 'ऑटो=ट्रू' आणि 'प्रायॉरिटी=क्रिटिकल' लिहायचं. 'ऑटो' मुळे भाषा आणि कीबोर्डचे प्रश्न नेटवर्क जोडलं जाईपर्यंत मागे ठेवले जातात. नाहीतर फाईल हाती येण्याआधीच ते विचारले जातात आणि यंत्र तिथेच तुमची वाट बघत थांबतं.

आता तो धोका. प्रीसीडमध्ये 'डिस्क पुसून नवे भाग पाड' हे उत्तर लिहिलेलं असतं. बूटच्या क्रमात नेटवर्क पहिलं, मेनूत हा पर्याय आपोआप निवडला जाणारा, आणि वेळ संपली की सुरू होणारा, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या तर त्या स्विचवर चालू होणारा प्रत्येक संगणक न विचारता पुसला जाईल. कालच बसवलेलाही, आणि कुणीतरी सहज जोडलेला लॅपटॉपही. म्हणून मेनूतला आपोआप निवडला जाणारा पर्याय नेहमी 'स्वतःच्या डिस्कवरून बूट कर' हाच ठेवा. स्वयंचलित पर्याय माणसाने बाण सरकवून निवडला पाहिजे. याहून काटेकोर राहायचं असेल तर स्वयंचलित पर्याय फक्त मॅक पत्त्याच्या नावाच्या फाईलींत ठेवा, म्हणजे यादीतल्या यंत्रांनाच तो दिसेल.

पासवर्ड प्रीसीडमध्ये उघडा लिहू नका, त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड सहज काढता येत नाही असं रूप लिहा. ती फाईल त्या नेटवर्कवर कुणालाही वाचता येते. पहिल्यांदा स्वयंचलित पद्धत करून बघताना क्यूईएमयू किंवा व्हर्च्युअलबॉक्समधला आभासी संगणक वापरा. तोही नेटवर्कवरून बूट होतो, आणि पुसला गेला तर नुकसान शून्य.

दुसऱ्या सिस्टिमचं

फेडोरासाठी साखळी हीच, फक्त कर्नलच्या ओळीत इन्स्टॉलचं भांडार कुठे आहे ते 'इन्स्ट.रेपो' ने सांगायचं. उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर पूर्ण आयएसओ मेमरीत उतरवून घेतो, त्यामुळे रॅम बरीच लागते. विंडोजसाठी आधी विंडोज पीई नावाची छोटी सिस्टिम नेटवर्कवरून चालू करतात आणि मूळ सेटअप सामायिक फोल्डरमधून चालवतात. ते वेगळ्या लेखाचं काम आहे, पण पत्ता आणि लोडर हे पहिले दोन दुवे तिथेही असेच.

यूईएफआयच्या २.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, फर्मवेअरला लोडर थेट एचटीटीपीने मागवता येईल अशी सोय आली आहे. तुमच्या यंत्रात ती असेल तर एकदा पीएक्सई नीट जमल्यावर जरूर करून बघा, टीएफटीपीची पावत्यांची रांग तिथे नसते.

काम झाल्यावर

सिस्टिम बसली, संगणक पुन्हा सुरू झाला, लॉगिन आलं. आता नव्या संगणकावर ईटीसी फोल्डरातल्या अ‍ॅप्टच्या मुख्य कॉन्फिग फाईलमध्ये प्रॉक्सीची एक ओळ उरलेली असेल. इन्स्टॉलरने तुमचं उत्तर तिथे लिहून ठेवलं आहे. ती काढली नाही तर संगणक त्याच्या खऱ्या जागी गेल्यावर अपडेट करताना १९२.१६८.५०.१ ला शोधत बसेल. फर्मवेअरमध्ये बूटचा क्रम बदलला असेल तर तो परत डिस्कवर आणा. सर्व्हरवर डीएनएसमास्क नुसता थांबवू नका, तो पुढच्या वेळी आपोआप सुरू होणार नाही असंही करा, कारण हाच लॅपटॉप उद्या दुसऱ्या एखाद्या नेटवर्कला केबलने जोडला जाईल. अ‍ॅप्ट-कॅशरने साठवलेली पॅकेजेस मात्र राहू द्या, पुढच्या संगणकाला ती लागतीलच.